घुंगरांची पूजा

माझं बोलणं कमी, त्यामुळे लग्न झाल्यापासून सासूबाईंचा समज झालाय की मला सगळं पटतंच. तर परवा हुमनाबादला नणंदेचा नाच होता. ऐनवेळी पडद्यामागं ती रडवेली होऊन माझ्या कानाशी आली, "वैनी, कावळा शिवला."

सासूबाईंनी ऐकलंच. "मंग नाचायचं न्हाई! सकाळीच घुंगरांची पूजा झालीय. त्याला शिवायलीस का आता?"

मी पोरीला बाथरूममध्ये नेलं. पॅड, त्यावर घट्ट सायकलिंगची चड्डी, मग पोशाख. "आता बस. ऊठ. उडी मार. काय हललं का?"

"न्हाई वैनी."

"मग नाच."

सासूबाईंना सांगितलं, "आत्या, घुंगरं मी बांधते. ती हातच लावणार न्हाई."

त्यांनी विचार केला. "व्हय, तू शिवलीस तर चालतंय." पायांचा विटाळ त्या बहुतेक धरत नसाव्यात.

पोरगी अशी नाचली की पहिली टाळी सासूबाईंचीच पडली. ती आत आली तशी मला म्हणाल्या, "घुंगरंबी तूच सोड. विटाळ नको."

"आत्या, मीबी कालपासून बाहेरच हाय."

"अगं बाई! मंग सकाळी पूजा कुणी केली?"

"मीच. तुम्हीच करायला लावली."

"सांगितलं न्हाईस कामून?"

"तुम्ही इचारलंच न्हाई."

सासूबाईंनी घामानं निथळणाऱ्या लेकीकडं पाहिलं, खाली बसल्या आणि स्वतःच घुंगरांची गाठ सोडायला लागल्या. म्हणाल्या, "आता पुढंबी इचारणार न्हाई."