पट्टी उतरवली नाय मी

मी मिरकरवाड्यातला. बाप ट्रॉलरवर तांडेल, आई मासळी विकायची, नि मी लग्नाआधीपासून बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायला. पण हौस एकच, भजनाची. काय सांगू तुमाला, दिवसभर बर्फाने हात बधीर झालेले असायचे, ते संध्याकाळी पेटीवर ठेवले की बोटं आपोआप चालायला लागायची. पुढे मी मंडळाचा बुवा झालो. आणि आमच्याकडे बुवा कोण, तर जो काळी पाचात गातो तो. पेटीवरची पाचवी काळी म्हणजे बाप्याच्या गळ्याला लय उंच, तिथे सा धरायचा, आणि गजराला त्याच्याही वर चढायचं, मानेच्या शिरा फुगल्या तरी चढायचं. मधेच पट्टी उतरवली तर नाक कापलं गेलं समजा, मंग त्याला बुवा कोण म्हणत नाय.

माझा थोरला दिनेश. नऊ-दहा वर्षांचा असताना देवळात गायला लागला की मासळी निवडणाऱ्या बाया हातातलं टाकून दाराशी येऊन उभ्या राहायच्या. त्या आवाजाने मला वेड लागलं, दुसरं काय. अठ्ठ्याण्णव साली मी कारखाना सोडला नि झाडगावात एक खोली घेऊन पेटी-गायनाचा क्लास काढला. आमच्या मंडळीने म्हटलंन, अहो कायमची नोकरी सोडताय, उद्या पोरांना काय पेटी शिजवून घालू? मी म्हटलं तू गप ग, तुला काय कळतं त्यातलं. तिलाच सगळं कळत होतं, पण ते जाऊ दे.

पहिले चार महिने कोण फिरकला नाय. मास्तर, वकील, बँकेतली माणसं, सगळी म्हणायची, हा बर्फवाला आमच्या पोरांना काय शिकवणार. मंग मी काय केलं, गणपतीत दिनेशला घेऊन आळीआळीने हिंडलो, ज्याच्या घरी आरती त्याच्या घरी त्याला गायला बसवला. झालं, त्याच घरांतल्या बाया पोरांचे हात धरून आल्या, बुवा, आमच्या पिंट्याला दिनेशसारखा करा हो. माझा क्लास माझ्या शिकवण्यावर चालला नाय, त्या पोराच्या गळ्यावर चालला, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं. आता खोटं कशाला बोलू.

चार वर्षं बरी गेली. दिनेश चौदाचा झाला, ओठावर लव आली, आवाज घोगरा झाला, मधेच चिरकायचा. आणि नेमका तेव्हाच क्लासचा मोठा कार्यक्रम ठरलेला, हॉल घेतलेला, पत्रिका वाटून झालेल्या. आमच्या रस्त्यावर एक निवृत्त गायनाच्या बाई राहायच्या, त्या मुद्दाम खोलीवर आल्या, म्हणाल्या, बुवा, मुलाचा आवाज फुटतोय, वयच आहे ते, वर्षभर त्याला गाऊ देऊ नका, निदान पट्टी तरी उतरवा. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, हिला बघवत नाय. घरी आमची मंडळी तेच बोलायला लागली, अहो त्याचा घसा दुखतोय, दिवसभर ज्येष्ठमध चघळतोय. मी म्हटलं त्याचं आंबट बंद कर, होईल बरा. पट्टी उतरवली असती तर समोर बसलेले पालक म्हणाले असते, बुवाचा पोरगा संपला. मंग क्लास कुठला नि काय, परत बर्फ फोडा.

कार्यक्रमात पेटीवर मीच होतो. काळी पाच धरली. निम्म्यापर्यंत नेलंन त्याने. गजराला आला नि आवाज चिरकला. त्याने माझ्याकडे बघितलंन. अहो, त्याला काय पाहिजे होतं, बाबांनी पेटीवर एक पट्टी खाली यावं, एवढंच. आणि मी, मेल्याने, मान वर करून खूण केली, चढ. चढला हो तो. बापाचं ऐकलंन. टाळ्या काय पडल्या! सकाळी उठला तर घशातून हवा यायची नुसती. कोल्हापूरला डॉक्टरला दाखवला, त्याने सांगितलंन, आतल्या तंतूंवर गाठी आहेत, बोलेल हळूहळू, गाण्याचं विसरा. आमची मंडळी मंग वर्षभर माझ्याशी बोलली नाय.

आता मजा बघा, क्लास चालतोय. चांगला चालतोय! पाटी आहे, नवीन पेट्या आहेत, लोक मला सर म्हणतात. आणि दिनेश बर्फाच्या कारखान्यात लागला, मी सोडला त्याच. वीस वर्षांचा झाला, बोलतो तर वाटतं कोणी होडी वाळूवरून ओढतंय. दुपारी डबा आणून देतो, दारातच ठेवतो, आत येत नाय. मी हाक मारली की म्हणतो, उशीर होतोय बाबा.

परवा फक्त आत आला. एक तेराचा पोरगा होता क्लासात, त्याची आई बाजूला बसलेली, शाळेच्या स्पर्धेला गायचंय म्हणून. पोराचा आवाज चिरकत होता, मला ऐकू येत होतं हो, मला नाय ऐकू येणार तर कोणाला, आणि तरी माझं बोट गेलं काळी पाचावर, सवयीने, वर म्हटलं पण, घे अजून जरा. दिनेश चपला काढून आला, भात्यावरचा माझा हात बाजूला केलान नि भाता मिटून टाकलान. त्या पोराला म्हणाला, घरी जा, वर्षभर गाऊ नको. त्याच्या त्या आवाजात. पोरगा घाबरून आईकडे बघायला लागला, ती निघाली त्याला घेऊन. मंग दिनेशने डबा माझ्यासमोर ठेवलान, आज भाकरी गरम आहे म्हणाला, आणि गेला.

मला एका शब्दाने दोष दिला नाय त्याने. ना त्या दिवशी, ना आजपर्यंत कधी. एकदा शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. पोरगा भला आहे हो. देव त्याला सुखात ठेवो, आणि बापाची बुद्धी त्याला न देवो, एवढंच.