नावाचा रकाना

विमा कचेरीच्या खिडकीपाशी पुढच्या बाईंचं काही आवरेना, तेव्हा रांगेत मागे असलेला एक वायरमन खांबाला टेकून उभा राहिला. कान मात्र उघडेच होते.

"ताई, नॉमिनी म्हणून तुमच्या सासूबाईंचं नाव आहे. त्यांना घेऊन या."

"त्या जाऊन सहा वर्षं झाली, साहेब."

"मग यजमानांनी नाव बदललं का नाही?"

"लग्नाआधीची पॉलिसी. तेव्हा आईचंच नाव घातलेलं."

"पत्ता मात्र तीनदा बदललाय."

"ते अर्ज मीच भरले. हे नुसती सही करायचे."

"अहो, मग त्याच कागदावर खाली नॉमिनीचा रकाना असतो की."

"दिसायचा ना. पण सासूबाई होत्या तोवर त्यांचं नाव कोणत्या तोंडानं काढणार? आणि त्या गेल्यावर माझं घाला म्हणायचं, तर मी टपूनच बसले होते असं झालं असतं. बरं दिसत नाही ते."

"आता कोर्टातून वारस दाखला आणावा लागेल. सहा महिने तरी धरून चाला."

"धरते. दुसरं काय करणार."

"तुमची स्वतःची पॉलिसी आहे?"

"आहे एक लहानशी."

"तिच्यावर नॉमिनी कोण?"

"हेच. आमचे हे."

खिडकीतून एक कोरा अर्ज बाहेर सरकला.

"मुलगी आहे ना तुम्हाला? तिचं नाव घालून टाका आत्ताच. दोन मिनिटांचं काम आहे."

बाईंनी अर्जाची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"आज नको, साहेब. यांना जाऊन महिनासुद्धा झाला नाही. बरं दिसत नाही."