सहलीचं चित्र

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी शाळेत मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

पोरांची तलावावर सहल गेली. पाण्याच्या भीतीनं मी माझ्या परीला पाठवलीच नाही. मग सगळ्यांना सहलीचं चित्र काढून आणायला सांगितलं. परी रडायला लागली, म्हणून मीच काढून दिलं.

दोन दिवसांनी चित्रकलेच्या नव्या मॅडमनी मला बोलावलं. चित्र टेबलावरच होतं, परी बाजूला उभी.

"ताई, घरी हिला कोणी मारतं का?"

"नाही जी! काऊन?"

"हे पाहा. सहल आहे, पण एकही मूल खेळत नाही. सगळे झाडाखाली चिकटून बसलेत. पाणी काळं. खडू इतका दाबलाय की कागद फाटला. आनंदी लेकरू असं काढत नाही."

मी काढलं म्हणावं, तर पोरगी खोटी ठरते.

मॅडमनी परीला जवळ घेतलं. "बेटा, तलावावर कशाची भीती वाटली?"

"मले काय मालूम, मॅडम? मी तं गेलीच नाही. आईनं जाऊ नाही देलं. चित्र पण तिनंच काढलं."

मॅडम माझ्याकडे पाहतच राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं.

परत येताना परी म्हणाली, "आई, हात सोड ना. दुखून राहिला."

मला काही सोडवला नाही.