फाटक कुणी उघडायचं

नको, ती दोन खुर्च्यांची गाडी दाखवूच नकोस पोरी, मला एटीव्ही हवी — चार जाड चाकं, घोड्यावर टांग टाकून बसतो तशी बसायची, एक माणूस, मागच्या रॅकवर कुत्रा, अंगठ्यानं दाबलं की निघाली. बस. बाहेर ट्रेलरवर माझी जुनी बांधलीये ना, तीच नवी करून दे असं समज. पुढून चेपलीये, हो, दिसतंय ते. दगड होता. आमच्या रँचवर दगड कमी आहेत का? आणि ते मिस्टर नायगार्ड वगैरे राहू दे, तुझा आजा क्लाइड आणि मी एकाच बाकावर बसून मार खाल्लाय, एनार म्हण. पिकअपमध्ये बसलीये ती लोरीन, माझी बायको. स्टिअरिंगवर — हो, आज तीच घेऊन आली. माझा खांदा धरलाय जरा. म्हणून.

हे बघ, त्या दोन खुर्च्यांच्या साइड-बाय-साइडचं कौतुक मला ऐकवू नकोस, सगळं पाठ आहे, घरी रोज तेच जेवायला असतं. डोक्यावर लोखंडी पिंजरा आहे, कलंडली तर माणूस वाचतो, पट्टे आहेत, मागे हौद्यात कुंपणाचे खांब टाका, मिठाच्या लाद्या टाका, थंडीनं आखडलेलं वासरू टाका, नोव्हेंबरात शिकार केलेलं अख्खं एल्क हरीण टाकून घरी आणा — मान्य! सगळं मान्य! पण डोंगरावर, पाइनच्या दाटीत, जिथे एल्क खरोखर असतं तिथे ही कपाटं शिरतात का? नाही शिरत. एटीव्ही शिरते. एका अंगावर झुकलं की वळते. आणि एकटा माणूस जातो, कुणी शेजारी बसून ‘सावकाश, एनार, सावकाश’ म्हणत नाही. शिकारीला माणसानं एकट्यानंच जावं गं. आता ती कोपऱ्यातली हिरवी दोन खुर्च्यांची बघ — समोर ही एवढी अखंड काच! कुणी घेतली ही? शिकारीला निघालेत की चर्चला? काय लिहिलंय त्या चिठ्ठीवर, नाव आहे का? वाच की. माझा चष्मा गाडीत राहिला. बरं, नको वाचूस, गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नसतं, कळतं मला. पण ज्यानं घेतली त्याला माझ्यातर्फे सांग, काचेच्या कपाटात बाहुल्या ठेवतात.

लोरीनला तीच हवी. काचेची नव्हे गं — दोन खुर्च्यांची. का, ते मला विचारू नकोस, तूही रँचवरच वाढलीस. दोघं गाडीत असले की चाकावरचा बसून राहतो आणि शेजारचा उतरून फाटक उघडतो. लग्न झाल्यापासून आमची सगळी फाटकं लोरीननं उघडली. आणि माझी फाटकं! तारेची, काटेरी, मधे दोनचार काठ्या, खांबाला ओढून वरून फास अडकवायचा — इतकी ताणून बांधायचो की लोरीन खांबाला मिठी मारून, गाल लावून, दात-ओठ खात ओढायची, तरी फास बसायचा नाही. आणि मी काय करायचो? उतरायचो? छे. गाडीत बसून हॉर्न वाजवायचो. वासरांना डाग द्यायच्या दिवशी गावभरचे लोक मागे उभे असायचे आणि मी म्हणायचो, बघा, मला कधी एवढ्या प्रेमानं मिठी मारत नाही! सगळे हसायचे. तीही हसायची. मला वाटायचं, हसतेय.

आता तिला चाक हवंय. म्हणजे शेजारी कोण? मी. फाटक कुणी उघडायचं? — बरोबर. ते बघून हसायला खोऱ्यातली सगळी माणसं आहेतच.

अगं, खांद्याचं काही नाही. खांदा ठणठणीत आहे. डोळे. बिलिंग्जचा डॉक्टर म्हणाला, मधलं जातंय, कडेचं राहील. म्हणजे काय, सांगू? तुझ्याकडे सरळ बघितलं ना की तू नसतेस. दाराची चौकट दिसते, तुझी कोपरं दिसतात, आणि तोंडाच्या जागी धुरकट काहीतरी. दुसरीकडे बघितलं की तू येतेस. गेल्या हंगामात एल्कचा नर उभा होता समोर, मोकळ्यावर, पाऊस पडून गेल्यासारखा वास येत होता त्याचा, एवढा जवळ — मी त्याच्याकडे बघितलं की तो नाहीसा. बाजूला बघितलं की परत हजर. रायफलच्या दुर्बिणीतून तर नुसता डाग. रायफल खाली ठेवली आणि तो कंटाळून निघून जाईपर्यंत बसून राहिलो. घरी येऊन सांगितलं, यंदा एल्क उतरलीच नाहीत खाली. लोरीन म्हणाली, असेल. एवढंच म्हणाली.

काय? रुमाल? रुमाल आम्ही घालतोच गळ्याला, त्यात काय? उन्हाळा असला तर असला. असू दे, हात नको लावूस. — गळ्याला तार लागली. त्यात काय लपवायचंय, कुंपण दुरुस्त करताना तार सगळ्यांनाच लागते. फक्त मी कुंपण दुरुस्त करत नव्हतो. मी ओढ्याकडच्या कुरणातून येत होतो, बऱ्यापैकी वेगात, आणि समोर फाटक उघडं होतं. मला उघडं दिसलं! लोखंडी फाटक असतं तर दिसलं असतं गं, पण तारेचं फाटक म्हणजे असतं काय, चार तारा आणि हवा — मी सरळ बघत होतो आणि सरळ बघितलं की तारा जातात. आणि बांधलेलं कुणी? मीच. ताणून. दुसऱ्या कुणाचं ढिलं फाटक असतं तर नुसतं खाली पडलं असतं. माझ्या हातचं होतं, त्यानं मला गळ्याला धरून मागे ओढून घेतलं. एटीव्ही तशीच पुढे जाऊन खांबावर आदळली नि फाटक मोडलं. हो, तोच तो दगड.

आणि हे एवढंच असतं तरी चाललं असतं. पण गायी निघाल्या बाहेर, हाउगलंडच्या हद्दीत गेल्या, आणि लोरीन धावत आली, रक्त बघून ओरडली, काय झालं, काय झालं — आणि माझ्या तोंडून निघालं, हाउगलंडच्या बैलानं फाटक मोडलं. मी बांधायला गेलो तर तार सुटून लागली. कुठून सुचलं मला हे? गस हाउगलंड, असा शेजारी की लोरीनच्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळी बर्फ सारायचा नांगर चालवत पुढे रस्ता करून दिला त्यानं. तो संध्याकाळी आला. हातात टोपी. म्हणाला, एनार, माझा बैल आहेच तसला, मी तुझा अपराधी आहे. दुसऱ्या दिवशी येऊन नवे खांब ठोकून फाटक बांधून गेला, आणि त्याच्या बायकोनं रूबार्बचा आंबटगोड केक भाजून पाठवला. मी तो खाल्ला, पोरी. दोन वेळा वाढून घेतला. लोरीननं घेतला नाही, म्हणाली पोट भरलंय. आता गस तो बैल विकायला काढतोय, चांगला, गरीब बैल, पोरं पाठीवर बसतात त्याच्या. मला रात्रभर लाज वाटते, आणि सकाळी उठलो की वाटतं आज सांगू, आणि मग न्याहारीला बसलो की लोरीन अंड्यावर मिरी घालते नि मी खायला लागतो.

म्हणून म्हणतो, एक काम कर. लोरीन आत येईल ना, तेव्हा तिला सांग, दोन खुर्च्यांच्या संपल्या. बर्फ पडेपर्यंत येत नाहीत म्हण. तू म्हटलंस तर ऐकेल, माझं नाही ऐकत. एक हंगाम, एवढाच. एक हंगाम मला माझ्या पायावर — काय झालं? अशी का बघतेस? कशी बघतेस ते दिसत नाही, पण बघतेयस.

लोरीन? कधी आली होती? एकटी?

ही? ही काचेची? ... लोरीननं घेतलीये?

आणि तू मला एवढा वेळ बोलू दिलंस. काचेचं कपाट म्हणालो, बाहुल्या म्हणालो. तिनं सांगितलं होतं? काय सांगितलं होतं — ‘त्याला स्वतःच निवडू दे’? आणि मी नाहीच म्हणालो असतो तर? ... तर परत घ्यायची. काही न बोलता. बरं. आणि ही काच? काच कशाला, ती तर अशा चोचल्यांना हसते. नीट सांग, तिचे शब्द सांग. ‘समोर अखंड काच बसव, परत गळ्याला तार लागायला नको.’

‘परत’ म्हणाली?

म्हणजे तिला तेव्हाच कळलं. खांबावर एटीव्हीचा रंग होता, असणारच, लाल. गस खांब ठोकत होता तेव्हा ती तिथे उभी होती. गसनंही पाहिला असेल. आणि टोपी हातात घेऊन तो मला म्हणाला, मी तुझा अपराधी आहे — देवा रे. रूबार्ब. मी दोन वेळा घेतला.

नको, पाणी नको. खुर्चीही नको. ऐक, ट्रेलरवरची ती जुनी उतरवून घे, काय द्यायचं ते दे. आणि चाव्या मला देऊ नकोस, बाहेर नेऊन तिला दे. काही बोलू नकोस, फक्त सांग की त्यानं हिरवी निवडली. घरी जाताना आधी हाउगलंडकडे वळव म्हणावं, बैल विकायच्या आत. ती विचारणार नाही कशाला.

ती ही मागच्या अंगणातून बाहेर काढून ट्रेलरवर चढवेल ना? तिथे फाटक आहे तुमचं — बंद आहे का ते? सांग की. मला इथून दिसत नाही.

हं. मग तू जा चाव्या घेऊन. फाटक मी उघडतो.