फौजदार, आता दारावरून उठा

रेहाना बेटी, भगिनींनो आणि बंधूंनो,

सुट्टीची दुपार सोडून तुम्ही सगळे दाऊदभाईंना निरोप द्यायला आलात. कुणी मनाम्यातून चालत आलं, कुणी सित्र्याहून कंपनीच्या बसने. एवढी माणसं समोर पाहून माझ्या घोकून आणलेल्या ओळी डोक्यातून पार पळाल्या. मला ओळखणारे हसतील. चौथीच्या वर्गात हात मागे बांधून अख्खी कविता न अडखळता म्हणणारा मुलगा मी, आणि सत्तरी ओलांडली तरी तोच आहे. दाऊदभाई मला कधी नावाने हाक मारत नसत. ‘पाठांतर’ म्हणत. “काय पाठांतर, आज कुठली कविता?” आज कुठलीच नाही, दाऊदभाई. आज साधंच बोलायचं आहे, आणि तेच जड जातंय.

तुमच्यातल्या तरुणांनी त्यांना सूकच्या बाजारात काठी टेकत चालताना पाहिलं असेल. रत्नागिरीकडचे, लेकीकडे, या रेहानाकडे राहणारे, गप्पिष्ट म्हातारे. आम्ही मात्र त्यांना घोड्यावर ऐकलंय. पाहिलं नाही हं, ऐकलंय.

आम्ही इथे आखातात आलो तेव्हा सित्र्याला आमच्या कंपनीत ते टाइमकीपर होते, मी स्टोअरमध्ये. एक अमेरिकन इंजिनिअर घरी परत जाताना त्यांना कॅसेटींचा खोका देऊन गेला. त्यात जुनी रेडिओ नाटकं होती. ओसाड मुलुख, धुळीचं एक गाव, आणि तिथे कायदा सांभाळणारा एकटा माणूस. दाऊदभाई ती पुन्हा पुन्हा ऐकत आणि दर शुक्रवारी जेवणं झाली की आम्हाला मराठीत करून दाखवत. तो माणूस आमच्याकडे आला आणि त्याचा ‘फौजदार’ झाला. आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पच्या जेवणघरात दोरीवर चादर टांगायची आणि सगळं त्या चादरीमागून. कुणी म्हणालं, समोर येऊन करा की. ते म्हणाले, “रेडिओ दिसायला लागला तर तो रेडिओ कसला?”

चादरीमागे मी घोडा होतो. परातीत वाळू, हातात नारळाच्या दोन करवंट्या. पहिल्याच शुक्रवारी फौजदार घोड्यावरून उतरला, दार ठोठावलं, आत जाऊन खुर्चीवर बसला, आणि माझा घोडा दौडतोच आहे. मी तालात हरवलेलो. चादरीपलीकडे हशा. फौजदार शांतपणे म्हणाला, “माझा घोडा जरा कवी आहे. त्याला पोचल्याचं उशिरा कळतं.”

उशिरा कळतं. मंडळी, आता मी त्याच गोष्टीकडे येतो.

आमच्या मॅनेजरने एकदा सांगितलं, हेड ऑफिसचे पाहुणे येणार आहेत, कामगारांपैकी कुणीतरी कॅम्पबद्दल चार चांगल्या ओळी लिहा, भिंतीवर लावू. मी हौशीने लिहिल्या. इंग्रजीत, वळणदार अक्षरात. पश्चिमेला सूर्य बुडतो, समुद्राचा वारा येतो, आणि खोल्याखोल्यांतून स्टोव्हची निळी फुलं उमलतात, बांगड्याच्या कालवणाचा वास दरवळतो, असं लिहिलं. मला वाटलं, काय ओळ साधली आहे.

खोलीत स्टोव्ह ठेवायला बंदी होती, मंडळी.

दुसऱ्याच दिवशी सिक्युरिटी आली आणि सगळे स्टोव्ह उचलून घेऊन गेली. मेसचं बेचव जेवण सगळ्यांच्या कपाळी आलं. कॅम्पात एकच प्रश्न, कुणी सांगितलं? आणि कुणीतरी सदानंद सुताराचं नाव घेतलं. आदल्या दिवशी तो ऑफिसातून बाहेर पडताना दिसला होता. तो गेला होता आईच्या आजारपणासाठी रजा मागायला. पण ते कोण ऐकतो? ठरलं, शुक्रवारी सदाची वळकटी खोलीबाहेर फेकायची आणि त्याला कुठल्याच खोलीत घ्यायचं नाही. तेव्हा खोली सुटली की कॅम्प सुटायचा आणि कॅम्प सुटला की व्हिसा. रायगडातलं त्याचं घर त्याच्या एकट्याच्या जिवावर उभं होतं.

त्या शुक्रवारी आमचं नाटकही नेमकं तसलंच होतं. फौजदाराच्या ताब्यात एक कैदी आहे, आणि गाव म्हणतंय, चौकशी कशाला, द्या आमच्या हाती. नाटक अर्ध्यावर आलं आणि बाहेर गलका झाला. पंधरावीस जण सदाच्या खोलीकडे निघाले होते.

दाऊदभाईंनी हातातला कागद खाली ठेवला. चादर बाजूला केली आणि बाहेर आले. फौजदार पहिल्यांदाच दिसला. बुटका माणूस, लुंगी, पायात रबरी चपला. जेवणघरातलं एक स्टूल उचललं, सदाच्या दारासमोर टाकलं आणि त्यावर बसले. आवाज मात्र नाटकातलाच. “ज्याने सदाला सांगताना ऐकलं, त्याने पुढे यावं. मी बाजूला होतो.”

कुणी पुढे येईना. एकजण म्हणाला, “भाई, हे तुमचं नाटक नाही.” ते म्हणाले, “माहीत आहे. म्हणून तर चादर काढून आलोय.”

सलग तीन दिवस ड्युटी संपली की ते त्या स्टुलावर बसले. चहा तिथेच, नमाजही तिथेच, दाराशेजारी. चौथ्या दिवशी लोकांचा राग निवला. सदा राहिला.

आणि मी? मी चादरीमागे करवंट्या धरून बसलो होतो. सगळ्या कॅम्पात खरं ठाऊक असलेला एकटा माणूस. एकटा असं मला वाटत होतं. पण टाइमकीपर रोज ऑफिसात जायचा. त्याने मॅनेजरच्या टेबलावर ती निळी फुलं माझ्या अक्षरात पाहिली होती. आठवड्याने मला एवढंच म्हणाले, “घोडा अडला तर फौजदार पायी जातो, पाठांतर. पण घोड्याची वाट बघतो.”

त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर सदा त्याच क्षणी सुटला असता. मी त्यांना एकदा विचारलं, का नाही घेतलंत? म्हणाले, “मग दुसऱ्या दारासमोर बसावं लागलं असतं. स्टूल एकच होतं.”

बायकामुलं आली, कॅम्प सुटला, कॅसेटी झिजल्या. सदानंदला वर्षभर कुणी ताटाला ताट लावून जेवायला घेतलं नव्हतं. ‘खबऱ्या’ हा शब्द त्याच्यामागे सूकपर्यंत आला. मी लग्नात, बारशात त्याच्या शेजारी बसलो आणि गप्प राहिलो. गेल्या महिन्यात दाऊदभाईंना भेटायला हॉस्पिटलात गेलो. नळ्या लावलेल्या, आवाज अगदी खोल गेलेला. रेहाना पाणी आणायला गेली तेव्हा मला जवळ बोलावलं.

“सदाला सांगितलंस?”

“नाही, भाई.”

“म्हणजे मी अजून दाराशीच.”

हेच शेवटचं बोलणं.

सदानंद, तू तिसऱ्या रांगेत बसला आहेस. मला दिसतोयस. ते मी लिहिलं होतं. माझ्या एका ओळीपायी तुझी वळकटी बाहेर येणार होती, आणि तुला खबऱ्या म्हणत होते तेव्हा मी ऐकत होतो. हे तुला एकट्याला गाठून सांगता आलं असतं. पण शब्द चारचौघांत लागला होता, म्हणून पुसतोही चारचौघांतच. माफ कर म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. सावकाश ठरव.

मंडळी, कॅसेटीतला तो फौजदार कमरेला पिस्तूल लावायचा. आमच्या फौजदाराकडे एक स्टूल होतं. पण नाटकात ऐकलेल्या गोष्टीवर इतका विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही सगळ्यांनी शुक्रवारी दुपारी ते नाटक ऐकलं आणि चहा प्यायला उठून गेलो. ते एकटेच त्याप्रमाणे वागले.

दाऊदभाई, आता दारावरून उठा. चौकशी संपली. माणूस निर्दोष होता, आणि दोषी हजर झाला आहे. यल्ला भाई, चला, पाय मोकळे करा.

या करवंट्या मी आज सोबत आणल्या आहेत. ठरवलं होतं, शेवटी वाजवीन, तुम्हाला त्यांचा घोडा ऐकवीन. पण नाही वाजवत. आपण दोन मिनिटं उभे राहू या, काही न बोलता. फौजदार उतरून आत गेले आहेत.

आणि घोडा, दाऊदभाई, थांबलाय.

सलाम.