दारावरची तारीख

—अगं, साठ घरं ऐकूनच हातपाय गाळू नकोस. पाय सरावतात. अकरा वर्षं ही गल्ली मी एकटीनं सांभाळली, सोमवारपासून तुझी. दार वाजवायचं, ताप आहे का विचारायचं, बोटातून रक्त घ्यायचं, चौकटीवर खडूनं तारीख टाकायची — साहेब तपासायला येतात ना, ते माणसं नाही बघत, तारखा बघतात. दार उघडलं नाही तरी तारीख टाकायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, हे इथं पोराटोरांनाही पाठ आहे. काय? हो, बाळंतिणीही आपल्याकडेच. पण तापाची मोहीम लागली की आधी मोहीम, बाळंतिणी नंतर, असा वरून हुकूम. दवाखान्यात नर्स एकच, ती कुठं कुठं पुरणार? सगळं आपल्यावरच. म्हणून आधीच्या बाईनं — होती एक — एका मोहिमेत संध्याकाळी बावीस घरं उरली, पायांचे तुकडे पडले, तर तिनं दारं न वाजवताच नुसत्या तारखा टाकत गल्ली संपवली. सगळ्याच करतात. तूही करशील — नाही, तू नको करूस.

त्यातलंच ते समोरचं निळं दार. आत पाच दिवसांची बाळंतीण, तापानं फणफणलेली. सासूनं तारीख पाहिली. म्हणाली, बाई येऊन गेल्या, आता उद्या येतीलच, कशाला हिला एवढ्या लांब दवाखान्यात न्यायची? उद्या गेला, परवा गेला. दुसऱ्या भागात धाडलं होतं गं मला, मोहिमेवरच. तिसऱ्या दिवशी त्यांनी नेली तिला, पण वाटेतच—

काय म्हणालीस? हो. अकरा वर्षं मीच आहे इथं. आधीची कुणी नव्हती.

चार वर्षं झाली. म्हातारीला वाटतं, मी दार वाजवलं आणि तिच्याच कानांना ऐकू आलं नाही. दर फेरीला माझा हात धरते, म्हणते, बाई, माझ्या कानांनी सून खाल्ली, मला माफ करा. आणि मी काय म्हणते, माहितेय? असू द्या आजी. चार वर्षं हेच म्हणतेय, असू द्या. झोपेतसुद्धा म्हणते, नवरा सांगतो.

दार उघडंच आहे बघ. तेव्हापासून ती लावतच नाही, पुन्हा ऐकू आलं नाही तर म्हणून. उंबऱ्यात बसलीय ना, ती नात. जा, ओळख करून घे. मी नाही येत. आणि म्हातारीनं तुझा हात धरला तर — काही नाही. जा आता.