बापाचं काटेरी चित्र

म्हाताऱ्याला केस कापायला घेऊन आलेल्या आजीने कान टवकारले. शेजारच्या बाकावर एक ट्रकड्रायव्हर लेकीच्या चित्रकलेच्या सरांना कागद दाखवत होता.

“चार महिन्यांनी घरी आलो सर, तर पोरीने काढलेलं माझं हे चित्र! ना नाक, ना डोळे. बापाचं तोंडच विसरली हो!”

“गप बसा, ऐकू द्या,” आजीने म्हाताऱ्याला दटावलं.

“अहो, मीच मुलांना सांगितलं होतं,” सर म्हणाले, “डोळे मिटा आणि माणूस हाताला कसा लागतो ते काढा.”

“मग हे काटेच काटे कसले?”

“तुमची दाढी! पापा घेताना टोचते म्हणे. कागद फाटेस्तोवर पेन्सिल दाबत होती, आणि खुदुखुदु हसत होती.”

न्हाव्याने खुर्ची झटकली. “या ड्रायव्हरसाहेब. कटिंग-दाढी ना?”

“नुसती कटिंग. दाढीला हात लावू नकोस.”